अक्रोडाचे सहा आठवडे

‘गुरुवार सोडून कुठलाही दिवस द्या,’ डॅरेन स्किल्टन म्हणाला. ‘गुरुवारी मार्टन पेव्हरिलला एक अक्रोड आडवा करायचाय.’

दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसायला लागून मला वीस वर्षं झाली. लोक माझ्याशी बोलतात ते बहुतेक दुखऱ्या गालावर हात ठेवून, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं मी ऐकल्यासारखं करून सोडून देते. डॅरेनचं नाव मी यादीत घालत होते, दाढेवर कॅप, चाळीस मिनिटं, आणि बोटं आपली कीबोर्डवर चालत राहिली. ती थांबली नाहीत याचं मला नंतर नवल वाटलं. ‘कुणाकडचा?’ मी विचारलं. ‘ट्रँटरांकडचा. तुम्ही तिथल्याच ना? मग बघितलाच असेल.’ ‘बघितलाय,’ मी म्हणाले. ‘परवानगी झाली?’ डॅरेन झाडं कापतो, पण माणूस सरळ आहे. परवानगीचा विषय निघाला की त्याचे कान लाल होतात. ‘परवानगी कसली, नोटीस दिली होती त्यांनी. सहा आठवडे काल संपले. कुणाचा चकार शब्द आला नाही.’ मी त्याला शुक्रवारची सव्वादहाची वेळ दिली. कार्डावर लिहून दिली. त्याने कार्ड पाकिटात नीट ठेवलं, दार लागू नये म्हणून पायाने धरून आत येणाऱ्या म्हातारीला वाट दिली आणि गेला. म्हातारी म्हणाली, ‘बाई, आज तुमचा चेहरा कसा दिसतोय!’ मी म्हणाले, ‘दात दुखतोय.’ ती हसून हसून बेजार झाली.

आमच्या गावाचा जुना भाग, चर्चपासून पाणवठ्यापर्यंतचा, कायद्याने राखलेला आहे. तिथल्या मनगटाहून जाड कुठल्याही झाडाला हात लावायचा, तर मालकाने जिल्हा कौन्सिलला आधी कळवायचं आणि सहा आठवडे थांबायचं. त्या सहा आठवड्यांत कौन्सिलला झाड मोलाचं वाटलं तर ते त्यावर संरक्षणाचा आदेश काढतात. नाही वाटलं तर काहीच करत नाहीत. ‘हो’ असं कुणी लिहून देत नाही. गप्प बसतात, आणि सहा आठवडे भरले की ते गप्प बसणं हेच उत्तर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. वाटलं, हा कायदा करणारा माणूस नक्की आमच्याच बाजूचा असणार. आमच्याकडे लग्नं जुळतात गप्प राहून आणि मोडतातही गप्प राहून. तर या नोटिशीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या चिटणिसाकडे येते, चिटणीस ती गावच्या वृक्षरक्षकाला दाखवतो, आणि वृक्षरक्षक जाऊन झाड बघून आपलं मत लिहितो. पगार नाही, पदक नाही. एक पिवळं जाकीट मिळतं, तेही पुरुषी मापाचं. मार्टन पेव्हरिलची वृक्षरक्षक मी आहे, डेलिया गॉर्स. चिटणीस आहे हेस्टर ट्रँटर. अक्रोडही हेस्टरचाच, तिच्या घराच्या दक्षिणेला, जेवणघराच्या खिडकीसमोरचा. आणि हेस्टर ही माझी मैत्रीण आहे. ‘होती’ लिहायला हात अजून धजत नाही.

सहा आठवडे म्हणजे सहा शुक्रवार. शुक्रवारी दवाखाना दुपारी बंद होतो आणि मी चारच्या बसने उतरते ती थेट हेस्टरकडे जाते. एकोणीस वर्षांत हे चुकलं ते तिच्या आईच्या दफनाच्या दिवशी आणि मला गोवर झाला तेव्हा. त्या मंगळवारी, काउंटरमागे, मी ते सहा शुक्रवार एकेक करून काढले, जसे हिवाळ्यात कपाटातले स्वेटर काढून बघतो, कसर लागलीय का म्हणून. पहिल्या शुक्रवारी तिने बियांचा केक केला होता आणि तो मधे खचला होता. ती म्हणाली, ‘ओव्हनला माझ्याशी वैर आहे.’ मी म्हणाले, खचलेलाच जास्त चांगला लागतो. तेव्हा नोटीस देऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या शुक्रवारी आम्ही लायनेलला, तिच्या नवऱ्याला, खुर्चीतून पलंगावर घेतलं. मी पाय धरले, तिने खांदे. जूनमध्ये त्याला झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू गेली आहे. तो म्हणाला, ‘दोन दोन बायका!’ आणि आम्ही तिघं हसलो. तिसऱ्या शुक्रवारी मी तिला विचारलं, पंचायतीकडे काही आलंय का माझ्यासाठी? मी दर महिन्याला विचारते. ती किटली भरत होती. पाठमोरी. ‘काही विशेष नाही. शाळेमागच्या हॉलीच्या झाडाची छाटणी.’ मला ती पाठ आठवली, तपकिरी कार्डिगन, कोपरावर मीच लावलेलं ठिगळ, आणि नळाचा आवाज. नळ किटली भरल्यावरही वाहत होता का? हे मला आता कळायला मार्ग नव्हता, पण मी पुन्हा पुन्हा तो नळ ऐकायचा प्रयत्न करत होते. चौथ्या शुक्रवारी, पाचव्या शुक्रवारी आम्ही काय बोललो ते आठवेना. तेच जास्त लागलं. फसवणूक चालू असताना दिवस इतके साधे असावेत! सहाव्या शुक्रवारी, म्हणजे चारच दिवसांपूर्वी, तिने निघताना माझा मफलर नीट केला. गाठ मारून दिली आईसारखी. म्हणाली, ‘सांभाळून जा, फरशी निसरडी झालीय.’

तिच्या गप्प राहण्यावर मी किती जीव टाकला होता हे कुणाला सांगून पटायचं नाही. नेव्हिल, माझा नवरा, मला सोडून एक्सेटरला गेला तेव्हा सगळं गाव माझ्याशी बोलायला आलं. दुकानात बोललं, बसमध्ये बोललं, चर्चच्या पायरीवर तर रांग लावून बोललं. हेस्टर तेवढी आली, तिने बटाट्याखाली खिमा घातलेलं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, माझ्या समोर बसली आणि काही म्हणाली नाही. पाऊण तास. मग भांडं कधी परत हवं ते सांगून गेली. मी वुल्व्हरहॅम्प्टनची, कुलपांच्या कारखान्यातल्या फोरमनची मुलगी; आमच्या घरात दुःख भांडी आपटून सांगायची रीत. कुणी आपल्यासाठी गप्प बसू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या जुलैत तिने मला अक्रोडांना बोलावलं. जुलैत अक्रोड हिरवे असतात, आतलं कवच अजून धरलेलं नसतं, रफू करायची सुई आरपार जाते. तेव्हाच ते टोचून मिठाच्या पाण्यात घालायचे, काळे पडेपर्यंत उन्हात ठेवायचे आणि मसाल्याच्या व्हिनेगरात मुरवायचे. टोचताना जो रस उडतो त्याने हात काळे होतात, साबणाने जात नाहीत, तीन आठवडे नखांत राहतात. दवाखान्यात मला हातमोजे घालून बसावं लागलं. पण गावात मी हात मोकळे सोडून फिरले. दुकानदारीण म्हणाली, ‘अरे वा, ट्रँटरांकडे लागलात वाटतं!’ त्या दिवसापासून मी बाहेरची उरले नाही. पुढच्या वसंतात हेस्टरने पंचायतीत माझं नाव वृक्षरक्षक म्हणून सुचवलं. तोवर मला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्रंथालयाच्या रद्दीत एक पुस्तक मिळालं, कव्हर नसलेलं, त्यातून मी शिकले. सकाळी बसच्या आधी हेस्टरच्या कुंपणाशी उभी राहून अक्रोडाकडे बघत शिकले. पान चुरडलं की बूटपॉलिशसारखा वास येतो. पालवी सगळ्यांच्या मागून, मे अर्धा सरल्यावर. फांद्या फेब्रुवारीत कापल्या तर झाड दिवस दिवस गळत राहतं. मी सगळी झाडं त्या एका झाडावरून शिकले, जसं एखाद्याला एकाच माणसावरून माणसं कळतात, म्हणजे चुकीची कळतात.

दुपारच्या सुट्टीत मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दातांच्या साच्यांच्या कपाटाला टेकून, फेनविकला फोन लावला. फेनविक हा जिल्ह्याचा झाडांचा अधिकारी. एकशेचौदा गावं आणि एक फेनविक. माणूस भला आहे, सतत सर्दी झालेला. मी विचारलं, ट्रँटरांच्या अक्रोडाचं काय झालं? तो म्हणाला, ‘काय होणार, तुमचं पत्र वाचून फाइल मिटली मी. खरं सांगू, वाईट वाटलं. पण म्हटलं, डेलिया गॉर्स हरकत नाही म्हणतायत म्हणजे झाडाचं काही खरं नसणार. बघायलासुद्धा आलो नाही. तुम्ही म्हणालात तिथे मी कधी दोनदा बघितलंय?’ मी म्हणाले, ‘माझं पत्र?’ ‘हो की. चिटणीस बाईंनी जोडून पाठवलं होतं. थांबा.’ कागद चाळल्याचा आवाज, मग एक शिंक. मग त्याने वाचून दाखवलं. ‘हे झाड मी सोळा वर्षं ओळखते, त्यामुळे पुढची ओळ लिहायला मला चार दिवस लागले. बुंध्याच्या उत्तर बाजूला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, सशाच्या कानाएवढी बुरशी आली आहे. आज ती लहान आहे. पण ती आत किती गेली आहे हे बाहेरून सांगता येत नाही, आणि खिडकीच्या आत एक माणूस आहे जो उठून पळू शकत नाही. जड मनाने, हरकत नाही.’

सशाच्या कानाएवढी. ऑक्टोबरात मी ती बुरशी पाहिली होती आणि जगात एकाच माणसाला सांगितली होती, चहा पिताना, हात चोळत. म्हणाले होते, काळजीचं काही नाही, दोन-तीन वर्षं बघू. हेस्टर म्हणाली होती, ‘सशाच्या कानाएवढी! तू म्हणजे ना.’ ते पत्र ऐकताना मला आधी राग आलाच नाही. आधी वाटलं, किती छान लिहिलंय. माझ्या पत्रांत असतं तसं एक वाक्य लांब आणि त्यामागे एक तोकडं. ‘जड मनाने’ हे तर माझंच, मी ते दहा-बारा वेळा वापरलंय आणि हेस्टर दर वेळी टाइप करताना कुरकुरायची, ‘तुझं मन म्हणजे काय कोळशाचं पोतं आहे का गं?’ असं पत्र लिहायला माणसाने एकोणीस वर्षं मन लावून ऐकलेलं असावं लागतं. नेव्हिलने माझं अख्खं वाक्य कधी ऐकलं नाही. फेनविक म्हणत होता, ‘बाई? आहात ना?’ मग त्याचा आवाज हळू झाला. ‘हे तुमचं नाहीये का?’ मी म्हणाले, ‘मी सकाळी सांगते.’ तो म्हणाला, ‘हे बघा, सहा आठवडे संपले तरी झाड उभं आहे तोवर मला आदेश काढता येतो. पण त्यासाठी कारण लागेल. तुमच्या नावाचं पत्र तुमचं नसेल, तर तेवढं कारण पुरे. पण मग ते तुम्ही म्हणायला हवं. उद्या साडेनऊला फोन करतो.’ आणि मग तो अगदी आमच्या लोकांसारखं म्हणाला, ‘काही गैरसमज असेल.’

बसमध्ये मला पहिली जागा मिळाली. बाहेर सगळी झाडं बोडकी होती आणि मी सवयीने त्यांची नावं मनात म्हणत होते, जशी लहानपणी कारखान्याच्या गेटवरची कुलपं मोजायचे. ॲश. ॲश. मेपल. मेलेला एल्म. मला एकदम वाटलं, ही नावं माझी नाहीतच. कुणीतरी मला धरायला दिलीयत, गर्दीत मुलाच्या हातात पिशवी देतात तशी, रडू नये म्हणून. हे तेव्हा का सुचलं कळेना. अजून तर मी तिच्याकडे पोचायची होते.

सहा वाजले होते. हेस्टर लायनेलसाठी मासे आणि बटाटा कुस्करत होती. आतल्या खोलीत टीव्हीवर स्नूकर चालू होतं. लायनेलला रंगीत चेंडू भोकात पडलेले आवडतात. मधलं दार उघडं, म्हणून आम्ही भांडलो ते कुजबुजत. मी आयुष्यात असं भांडण केलेलं नव्हतं; शब्द ओरडायचे आणि आवाज मांजराचा. हेस्टरने माझं तोंड बघितलं आणि आधी किटली लावली, आवाज व्हावा म्हणून.

‘कुणी सांगितलं?’

‘डॅरेन स्किल्टनने. दात दाखवायला आला होता.’

‘त्याचे दात!’ हेस्टर म्हणाली. जसं काही सगळा घोटाळा डॅरेनच्या दातांनी केला.

‘तू मला विचारलं का नाहीस?’

‘विचारून काय झालं असतं? तू पत्र लिहिलं असतंस.’

‘लिहिलं असतं.’

‘चार पानी.’

‘दोन.’

‘आधी रडली असतीस, मला मिठी मारली असतीस, लायनेलला मिठी मारली असतीस, आणि मग घरी जाऊन दोन पानी हरकत लिहिली असतीस. आणि पुढच्या शुक्रवारी केक खायला आली असतीस. मला ठाऊक आहेस तू.’ तिने काटा भांड्यावर आपटला आणि लगेच दाराकडे पाहिलं. ‘मे ते ऑक्टोबर त्या खोलीत दिवा लावावा लागतो, डेलिया. भर दुपारी. तो म्हणतो, बाटलीत ठेवल्यासारखं वाटतं. हिरव्या बाटलीत. दिवसभर त्याला करायला एकच काम आहे, बघणं, आणि बघायला काय, तर पानं. दुसरी खोली वर आहे आणि जिना त्याच्याने होत नाही. सांग मी काय करू? घर उचलून फिरवू?’

‘खालच्या फांद्या काढता आल्या असत्या. खिडकीवरची सगळी बाजू मोकळी झाली असती. मी स्वतः अर्ज केला असता. जुलैत अक्रोड गळत नाही, जुलैत डॅरेनने—’

‘जुलै!’ ती कुजबुजली, पण असं की किटलीही गप्प झाल्यासारखी वाटली. ‘त्याच्याकडे जुलै आहे का? डॉक्टरने सांगितलंय का तुला? मला तर नाही सांगितलं.’

आतून लायनेलचा आवाज आला, जाड, ओला. ‘कोण आलंय?’ ‘कुणी नाही रे, डेलिया,’ हेस्टर मोठ्याने म्हणाली, गोड आवाजात, आणि मग माझ्याकडे वळली तेव्हा तो गोडवा अजून तोंडावर तसाच होता, पुसायचा राहिलेला.

‘बरं, नोटीस लपवलीस,’ मी म्हणाले. ‘मी ते गिळलं असतं. पण माझ्या नावाने पत्र? लोक माझ्या नावावर विश्वास ठेवतात, हेस्टर. मी कमावलंय ते नाव.’

‘तुझं नाव?’ तिने भांडं खाली ठेवलं. ‘तुला वृक्षरक्षक कुणी केलं? पंचायतीत सातजण होते. सातांपैकी एकालाही तू नको होतीस. ही शहरातली बाई, हिला काय कळतंय, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, नवरा सोडून गेलाय, घरात बसून वेडी होईल, द्या काहीतरी हातात, नाहीतरी कोण करतंय ते काम. दिलं. मला काय ठाऊक, तू ते एवढं मनावर घेशील! कुत्रा आणून दिला असता तर बरं झालं असतं.’

किटलीला उकळी आली आणि ती आपोआप बंद पडली. हेस्टरने सवयीने दोन कप काढले. मग एक परत ठेवला. मग, मला वाटतं आपण काय केलं ते तिच्याच लक्षात आल्यावर, तो पुन्हा काढला. माझ्या मनात आलं की आता ती माफी मागेल किंवा मी मागेन. आमच्याकडे कुणी पायावर पाय दिला तरी ज्याचा पाय चेंगरला तो माफी मागतो. पण मी मफलर स्वतःच बांधला आणि निघाले. फरशी खरोखरच निसरडी होती.

त्या संध्याकाळी मी पिवळं जाकीट खुंटीवरून काढलं आणि बघत बसले. बाह्या दोनदा दुमडून टीप घातलेली होती. ती टीप माझी, पण दुमडायची युक्ती हेस्टरची. मी सोळा वर्षांत एकवीस झाडं वाचवली, ती मी मोजली नव्हती, मुद्दाम. त्या संध्याकाळी मात्र मोजली, आणि प्रत्येक झाडापाशी मला सात माणसं टेबलाभोवती बसलेली दिसली, एकमेकांकडे न बघता मान डोलावणारी. द्या काहीतरी हातात. शाळेमागची हॉली वाचली तेव्हा दुकानदारीण म्हणाली होती, ‘शाब्बास, डेलिया!’ ते ‘शाब्बास’ आता मला वेगळ्या आवाजात ऐकू येत होतं, कुत्र्याला म्हणतात त्या. आणि तरीही, हे लिहायला हवं, त्याच वेळी मनाच्या दुसऱ्या खोलीत मी हेस्टरची बाजू लढवत होते. सहा महिने पानं बघत पडायचं. हिरव्या बाटलीत. लायनेलचा जन्म त्याच घरातला, लहानपणी त्याच अक्रोडावरून पडून त्याने हात मोडून घेतला होता, त्याच्या झाडाचं काय करायचं हे सांगणारी मी कोण? माझ्या जागी कुणी गप्प बसलं असतं तर त्याला मी प्रेम म्हटलं असतं. म्हटलं होतं की, एकदा, खिम्याच्या भांड्याला. म्हणजे आता फक्त साडेनऊला ‘हो, पत्र माझंच’ एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. हेस्टरची चिटणिशी वाचली असती, लायनेलला आभाळ मिळालं असतं, शुक्रवार मिळाला असता. मी ते तीन शब्द आरशासमोर म्हणून पाहिले. जमत होते. चांगले जमत होते.

साडेनऊला काउंटरसमोर एक बाई तिच्या मुलीच्या दातांच्या तारांचं विचारत होती. फोन वाजला. फेनविक म्हणाला, ‘मी आहे. मग? पत्र तुमचं होतं का?’ मुलगी माझ्याकडे बघत होती, तोंडात सगळी चांदी. मी म्हणाले, ‘नाही. माझं नव्हतं.’ एवढंच. मला अजून सांगता येत नाही की ते मी झाडासाठी म्हणाले, की खरं होतं म्हणून, की हेस्टरच्या त्या कुत्र्यासाठी. दिवसातून तीन वेळा तीन उत्तरं येतात. फेनविकने नाक शिंकरलं. मग म्हणाला, ‘तर मग असं लिहितो, की पत्र पाठवण्यात काही चूक झाली. याहून जास्त लिहायची गरज नाही. डॅरेनला मी कळवतो. आदेश दुपारी तयार होईल. तीन वाजता मी घेऊन येतो, मालकाच्या हातात द्यावा लागतो. तुम्ही याल? घेर मोजून नोंद करायची आहे, आणि खरं सांगू, मला त्या बाईंसमोर एकट्याने उभं राहायचं नाही.’

मी सुट्टी काढून गेले. जाकीट घातलं नाही, हातात फक्त फीत घेतली. फेनविक पुढच्या दाराशी गेला, लिफाफा छातीशी धरून, नाक ओढत. मी बागेतून, नेहमीसारखी, बाजूच्या फाटकाने. तिथून दार दिसत नाही, पण आवाज येतो. हेस्टरचा आवाज आला, ‘ठीक आहे. कळलं. सही कुठे करायची?’ अगदी नीट, पोस्टमनशी बोलावं तसा. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी फितीचं टोक खोडाच्या खाचेत अडकवलं, छातीच्या उंचीवर, आणि फिरायला लागले. खिडकीपाशी आले तेव्हा काचेवर टकटक झाली.

लायनेल खिडकीशी बसला होता. डाव्या हाताने त्याने खिडकीची खिट्टी ढकलली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. ऊन त्याच्या सगळ्या तोंडावर होतं. फेब्रुवारीत येतंच ते, फांद्यांमधून, उधार आणल्यासारखं.

‘डेलिया! उद्या ना गं?’ शब्द सावकाश येत होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे. ‘हेस्टर म्हणाली. तूच सगळं केलंस. मी म्हणालो, ती? ती तर या झाडाला पोरासारखं जपते. म्हणाली, तुझ्यासाठी केलं तिने. पत्र वाचून दाखवलं मला. मी दोनदा वाचायला लावलं.’ त्याचा डावा गाल हसला. ‘खिडकीच्या आत एक माणूस आहे. मी तो. छान लिहितेस तू.’

मी काहीतरी म्हणाले. बहुतेक ‘थंडी आहे, खिडकी लावून घ्या’ असं.

‘मोजतेयस?’

‘हो.’

‘मोज, मोज,’ लायनेल म्हणाला आणि त्याने हात वर केला, चांगला हात, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून, वर, जिथे उद्या आभाळ असणार होतं तिकडे. हेस्टर अजून आत आली नव्हती. ती आत येईल आणि त्याला सांगेल, किंवा सांगणार नाही. यातलं काय ती करेल हे मला परवापर्यंत छातीठोक सांगता आलं असतं. आकडा मला पाठ होता, तीन मीटर एकेचाळीस. तरी मी फीत हातात घेऊन पुढे फिरले, खोडाच्या पलीकडे, खिडकी जिथून दिसत नाही त्या बाजूला, आणि थांबले. फेनविकने दोनदा विचारलं, किती भरला म्हणून. अक्रोड चांगला रुंद होता. त्याच्यामागे एक मध्यमवयीन बाई अख्खी मावत होती.